सहा सिलिंडरची जुनी पिकअप घ्यावी का? आधी गाडीखाली झोपून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पेनसिल्व्हेनियात राहता, घराला आवार मोठे आहे, बागेसाठी माती आणि लाकडाचा भुसा आणावा लागतो, हिवाळ्यात सरपण आणावे लागते आणि उन्हाळ्यात चार-सहा वेळा मित्राची छोटी बोट ट्रेलरवर ओढून न्यायची असते. त्यासाठी तुम्ही २००८ सालची टोयोटा टॅकोमा पाहिली आहे. तिचे इंजिन चार लिटरचे, सहा सिलिंडरचे आहे, गिअर ऑटोमॅटिक आहेत, चारही चाकांना शक्ती जाते, १,४८,००० मैल झाले आहेत आणि मालक ११,५०० डॉलर मागतो आहे. जवळजवळ तेवढ्याच पैशात ईरी शहरात एक २०१० सालची, चार सिलिंडरची, फक्त ९२,००० मैल झालेली टॅकोमा विक्रीला आहे. दीड लाख मैल चाललेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर विसंबावे, की कमी मैलांची चार सिलिंडरची घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या गॅरेजांत गाड्या उचलून त्यांच्या पोटाखाली उभे राहण्यात माझी बावीस वर्षे गेली. त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखायला शिकलो. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरला आहे. सिलिंडर किती, मैल किती, आतली गादी कापडी की चामडी, हे सारे तुम्ही लिहिले आहे. मात्र या दोन गाड्यांनी त्यांचे पहिले दहा-बारा हिवाळे कोणत्या राज्यात काढले, याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही. या वर्षांच्या टॅकोमाचा निर्णय त्या एका उत्तरावर ठरतो, कारण तिचे इंजिन सहसा तिच्या चासीच्या आधी मरत नाही.

तरीही इंजिनाबद्दल विचारले आहे म्हणून ते आधी संपवतो. २००५ ते २०१५ या काळातल्या दुसऱ्या पिढीच्या टॅकोमामध्ये जे सहा सिलिंडरचे इंजिन आले, ते ३,९५६ घनसेंटिमीटरचे, व्ही आकाराचे, अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाचे लायनर असलेले आहे. ते २३६ अश्वशक्ती आणि २६६ पाउंड-फूट टॉर्क देते, साध्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालते आणि त्याला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे ठरावीक मैलांनी बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च येत नाही. याच कुळातले इंजिन कंपनीने फोररनर या गाडीत २०२४ पर्यंत चालू ठेवले. कोणतीही कंपनी कटकटीचे इंजिन वीस वर्षे बाळगत नाही, एवढ्यावरून काय समजायचे ते समजावे. वेळेवर तेल बदललेले असेल तर १,४८,००० मैल हे या इंजिनाचे मध्यम वय आहे. उलट तेलाच्या टोपणाच्या आतल्या बाजूला काळा, चिकट, जाड थर बसलेला दिसला, तर ९२,००० मैलांचे इंजिनसुद्धा घेऊ नये.

इंजिन तपासायचे ते थंड असताना. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवून पाहा. ते गरम लागले तर मालकाला काहीतरी लपवायचे आहे असे लगेच म्हणता येणार नाही, पण तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी. सुरू होताना क्षणभर खडखड होऊन थांबली तर चिंता नाही, आणि इंजेक्टरची शिलाई यंत्रासारखी बारीक टकटक हा या इंजिनाचा स्वभाव आहे. ती खडखड थांबली नाही, किंवा रेडिएटरमधल्या गुलाबी कूलंटवर तेलाची साय दिसली, किंवा ते कूलंट दुधासारखे गढूळ झालेले असले, तर मात्र तिथूनच परत फिरावे. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावण्याचा, संगणकाने नोंदलेले बिघाडाचे कोड दाखवणारा साधा कोड-वाचक वीस-तीस डॉलरना मिळतो, तो सोबत न्या. कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका. गाडीच्या संगणकाने आपल्या अंतर्गत चाचण्या पूर्ण केल्या आहेत का, तेही त्यावर दिसते. बऱ्याचशा चाचण्या अपूर्ण दाखवत असतील, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे, असे धरून चालावे आणि कारण विचारावे.

आता सहा की चार. भारतातून आलेल्या माणसाच्या मनात पिकअप म्हटले की चार सिलिंडरची डिझेल गाडी येते, आणि सहा सिलिंडर म्हणजे पेट्रोल पिणारा पांढरा हत्ती असे वाटते. इथल्या मध्यम आकाराच्या पिकअपबाबत हा समज फारसा खरा नाही. सरकारी चाचणीत २००८ सालच्या सहा सिलिंडर, फोरव्हील, ऑटोमॅटिक टॅकोमाला शहरात गॅलनमागे १६ आणि महामार्गावर २० मैलांचा आकडा दिला आहे. २.७ लिटरच्या चार सिलिंडरच्या गाडीलाही फोरव्हील यंत्रणेचे वजन वाहावेच लागते, म्हणून तिचा आकडा एखाद-दोन मैलांनीच बरा येतो. वर्षाला १२,००० मैल चालवलीत आणि सरासरी १८ ऐवजी १९.५ मैल पडली, तर बचत ५० गॅलनच्या आसपास होते. त्याच्या मोबदल्यात चार सिलिंडरचे इंजिन १५९ अश्वशक्ती देते, आणि पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरी रस्त्यांवर भरल्या हौद्याने चढताना त्याची दमछाक ऐकवत नाही. ट्रेलर क्वचितच ओढणार असाल आणि बाकी वेळ गावातच फिरणार असाल, तर ते पुरेसे आहे. तेही टिकाऊच इंजिन आहे.

बोटीचे वजन मात्र नीट विचारून घ्या, आणि ते बोट, ट्रेलर, पेट्रोल आणि सामान यांचे मिळून विचारा. चार सिलिंडरच्या टॅकोमाची ओढण्याची मर्यादा ३,५०० पाउंड आहे. सहा सिलिंडरची मर्यादा ६,५०० पाउंड असे सर्वजण सांगतात, पण ती फक्त कारखान्यातून टोइंग पॅकेज बसवून आलेल्या गाडीची आहे. ते नसेल तर तिचीही मर्यादा ३,५०० पाउंडच राहते. मागे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा आकडा, लावलेला दिसला म्हणजे पॅकेज आहे असे होत नाही, कारण हिच कोणीही नंतर बोल्टने बसवू शकतो. पॅकेजबरोबर गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर, मोठा अल्टरनेटर आणि ट्रेलरच्या दिव्यांसाठी सात पिनांचे सॉकेट येते. चारच पिना दिसल्या तर शंका घ्यावी आणि रेडिएटरच्या पुढे तो छोटा कूलर आहे का ते डोळ्यांनी पाहावे.

आता चासी, म्हणजे जिच्यावर इंजिन, केबिन आणि हौदा हे सारे बोल्टने बसवलेले असते ती पोलादी शिडी. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि हल्ली बर्फ पडण्याआधीच मिठाचे पाणीही फवारतात. हे खारे पाणी चासीच्या पेटीसारख्या बंद भागांत शिरते, तिथे चिखलाबरोबर साठते आणि लोखंड आतून खात राहते. टॅकोमाची चासी पुढच्या भागात अशी बंद पेटीची आहे आणि मागे उघड्या पन्हळीसारखी. बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतून पत्रा कागदासारखा झालेला असू शकतो. हौद्याचा आतला भाग फायबरसारख्या मिश्र पदार्थाचा असल्यामुळे तो गंजत नाही, आणि नेमका हाच गुण खरेदीदाराला फसवतो. वीस वर्षांची गाडी वरून स्वच्छ दिसते, हौद्यात गंजाचा ठिपका नसतो, माणूस खूश होतो आणि खाली वाकायचे विसरतो.

ही ऐकीव भीती नाही. पहिल्या पिढीच्या, १९९५ ते २००० या वर्षांतल्या टॅकोमांच्या चासीला भोके पडू लागली, तेव्हा २००८ मध्ये कंपनीने त्या गाड्यांसाठी पंधरा वर्षांची हमी देऊन, दुरुस्त न होण्याजोग्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत विकत घेतल्या. पुढे २००५ ते २०१० च्या टॅकोमा आणि काही वर्षांच्या टुंड्रा व सेक्वोया या गाड्यांच्या मालकांनी सामूहिक दावा लावला. चासीला गंजापासून पुरेसे संरक्षण दिले नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते; कंपनीने चूक मान्य केली नाही, परंतु २०१६ मध्ये तडजोड झाली. दाव्यात सुमारे १५ लाख गाड्या होत्या आणि तडजोडीचे मूल्य ३.४ अब्ज डॉलरपर्यंत धरले होते. त्या हिशेबात एक चासी बदलण्याचा खर्च सुमारे १५,००० डॉलर मानला होता. हा आकडा तुमच्या ११,५०० शेजारी ठेवून पाहावा. तडजोडीतली मुदत गाडीच्या पहिल्या विक्रीपासून बारा वर्षे होती, म्हणजे २००८ आणि २०१० या दोन्ही सालांच्या गाड्यांसाठी ती उलटून गेली आहे. आता चासी सडकी निघाली तर खर्च पूर्णपणे तुमचा.

याचीच दुसरी बाजू अशी की त्या काळात अनेक गाड्यांना कंपनीच्या खर्चाने नवी चासी मिळाली. अशी गाडी हाती लागली तर २००८ सालच्या अंगाखाली कितीतरी नंतरचा सांगाडा असतो, आणि तिच्यासाठी दोन पैसे जास्त मोजायला माझी हरकत नसते. मालक तसे म्हणत असेल तर कागद मागा. कोणत्याही टोयोटा डीलरकडे गाडीचा सतरा अक्षरी क्रमांक देऊन हे काम झाले होते का, याची विचारणा करता येते. कंपनीच्या या चासी-मोहिमेतल्या तपासणीत उत्तीर्ण झालेल्या चासींवर गंजरोधक काळा मेणासारखा लेप फवारत असत, त्यामुळे जुना, धुळीने मळलेला काळा लेप दिसला तर घाबरू नये. चकचकीत, नुकताच मारलेला काळा रंग दिसला तर मात्र गाडी विकण्याच्या आठवड्यातच हे का सुचले, असे विचारावे. एका विक्रेत्याच्या गाडीखाली असा ताजा रंग मी नखाने खरवडला, तेव्हा रंगाबरोबर पुट्टी आणि पुट्टीबरोबर बोटभर लांबीचा पत्रा हातात आला होता.

तपासण्याची पद्धत आपल्याकडे कुंभाराकडून मडके घेताना असते तीच आहे: वाजवून पाहायचे. एक छोटी हातोडी, एक जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च घ्या, मालकाची परवानगी घ्या आणि दोन्ही बाजूंची चासी पुढून मागपर्यंत हलक्या हाताने ठोकत जा. निरोगी पोलाद टणटण वाजते. आतून सडलेले भद्द आवाज देते, आणि तो फरक कोणालाही पहिल्याच मिनिटात कळतो. जिथे आवाज बदलेल तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा. पन्हळीच्या आतल्या बाजूला, पाट्यांच्या, म्हणजे मागच्या पट्टी-स्प्रिंगांच्या, पुढच्या टोकाचा कंस जिथे चासीला जोडलेला असतो तिथे, मागच्या चाकांच्या थोडे पुढे आणि पेट्रोलच्या टाकीच्या आसपास सर्वांत जास्त वेळ द्या. मागे टांगलेले सुटे चाक खाली उतरवायला सांगा. ते उतरलेच नाही, तर त्याची साखळी आणि कप्पी गंजून धरली आहे, आणि त्याच्या वरची आडवी पट्टी कशी असेल याची कल्पना त्यावरून येते. पृष्ठभागावरचा तपकिरी गंज या प्रदेशात चालतो. पापुद्रे सुटत असतील तर भाव पाडावा. भोक दिसले तर बोलणी थांबवावीत. वेल्डिंगचे ठिगळ लावून काम भागते असे सांगणारे भेटतील, परंतु ज्या पत्र्याला ठिगळ जोडायचे तोच उरलेला नसतो.

हा धडा मी फुकट शिकलेलो नाही. अमेरिकेतल्या तिसऱ्याच वर्षी मी स्वतःसाठी एक जुनी पिकअप घेतली होती. कोणत्या कंपनीची हे इथे महत्त्वाचे नाही, कारण चूक माझी होती. उद्यमनगरात तयार झालेल्या कानांचा मला अभिमान होता. इंजिन ऐकले, ते सतारीसारखे वाजत होते, पैसे दिले आणि घरी आणली. पुढच्या वर्षी तपासणीसाठी गाडी लिफ्टवर चढवली आणि सोबतच्या कामगाराने नुसता अंगठा दाबला तो चासीच्या आत गेला. कोल्हापुरात गाडी गंजते ती दारांच्या खालच्या कडांना आणि पायाखालच्या पत्र्याला, चासी सडून गाडी टाकून दिलेली मी तिथे कधी पाहिली नव्हती, त्यामुळे तिथे बघण्याची सवयच नव्हती. ते इंजिन शेवटी काढून विकले. अजून चालत असेल.

म्हणूनच ईरीच्या गाडीचे कमी मैल मला भुरळ घालत नाहीत. ईरी हे सरोवराकाठचे, प्रचंड बर्फ पडणारे शहर आहे, आणि मिठाला मैलांशी काही देणेघेणे नसते. हिवाळाभर दारात उभी राहून खारट चिखल अंगावर वाळवणारी गाडी रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकरही सडू शकते. टेनेसी, कॅरोलिना किंवा टेक्सासमध्ये वाढलेली १,८०,००० मैलांची गाडी आणि ईरीत वाढलेली ९२,००० मैलांची गाडी एकाच किमतीला मिळत असतील, तर मी डोळे झाकून पहिली घेईन, म्हणजे अर्थातच खाली झोपून पाहिल्यानंतर. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी सुरक्षा तपासणी सक्तीची आहे आणि तिच्यात चासीही पाहतात, त्यामुळे इथल्या गाडीवर निदान कोणाची तरी नजर पडलेली असते. शेजारच्या ओहायोत किंवा मिशिगनमध्ये अशी वार्षिक सुरक्षा तपासणी नाही. तरीही काचेवरचे स्टिकर म्हणजे प्रमाणपत्र मानू नका, कारण तपासणी करणारी गॅरेजे सगळी सारख्याच डोळ्यांची नसतात.

चासी पास झाली तरच पुढचे पाहायचे, आणि ते तुलनेने किरकोळ आहे. मागच्या पाट्यांसाठी २०१४ मध्ये २००५ ते २०११ च्या फोरव्हील टॅकोमांना परत बोलावले होते, कारण पाटा तुटून आजूबाजूच्या भागांना, अगदी पेट्रोलच्या टाकीलाही इजा करू शकत होता. महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला की ते काम बाकी आहे का, हे फुकट कळते. ब्रेकचे पोलादी पाइप गंजलेले असतात, तेही याच वेळी पाहून घ्यावेत.

चालवून पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. थांब्यावरून निघताना पायाखालून थरथर जाणवली, तर मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दोन तुकड्यांच्या दांड्याचे, म्हणजे ड्राइव्हशाफ्टचे, मधले बेअरिंग थकलेले असू शकते. ताशी ४५ मैलांच्या आसपास पुढून घुमल्यासारखा आवाज येत असेल आणि फोरव्हील लावताच तो थांबत असेल, तर पुढच्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) डाव्या बाजूचे सुईचे बेअरिंग झिजले आहे. या आवाजाने गाडी बंद पडत नाही, पण भाव करायला तो उपयोगी आहे. आणि फोरव्हीलची कळ स्वतः फिरवा, वेगाची आणि संथ अशा दोन्ही श्रेणी लागून सुटतात का ते पाहा. फोरव्हील कधीच न वापरणाऱ्या मालकांच्या गाड्यांत त्या यंत्रणेची मोटर अडकून बसते आणि ऐन बर्फात तिची आठवण होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल मोजायची पट्टी नाही, त्यामुळे तेल कधी बदलले याची पावती हाच पुरावा.

पर्याय म्हणून तुम्ही निस्सान फ्रंटियर या पिकअपचाही उल्लेख केला आहे. तिचे चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन २६१ अश्वशक्तीचे आहे आणि दणकट आहे, पण २००५ ते २०१० च्या ऑटोमॅटिक गाड्यांत रेडिएटरच्या आतला गिअरबॉक्सचा कूलर फुटून कूलंट गिअरच्या तेलात मिसळण्याचा दोष सर्वज्ञात आहे, आणि तसे झाले की गिअरबॉक्सच जातो. रेडिएटर बदलल्याची पावती असेल तरच ती गाडी विचारात घ्यावी.

तुमच्या दोन गाड्यांत मला निवडायला सांगाल, तर सहा सिलिंडरचीच आधी पाहीन, कारण बोट आहे आणि पेट्रोलमधला फरक नगण्य आहे. मात्र स्थानिक गॅरेजमध्ये शंभर-दोनशे डॉलर देऊन ती लिफ्टवर उचलून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका, आणि मालक लिफ्टला नकार देत असेल तर तो नकार हेच उत्तर समजा. चासी भक्कम, पाटे बदललेले आणि पॅकेज कारखान्याचे असेल, तर ११,५०० ला मी फार घासाघीस करणार नाही. पापुद्रे सुटत असतील तर मी पैसे घरीच ठेवीन आणि दक्षिणेकडच्या गाडीसाठी दोन दिवसांचा प्रवास करीन. परतीचा प्रवास त्याच गाडीने होतो, तेव्हा तेवढी मोठी चाचणी दुसरी नाही.

शनिवारी निघण्याआधी मालकाला फोन करून गाडी आजवर कोणकोणत्या राज्यांत नोंदलेली होती ते विचारा, आणि मागच्या चाकापुढच्या चासीचा व सुट्या चाकाच्या वरच्या पट्टीचा असे दोन फोटो दिवसाउजेडी काढून पाठवायला सांगा. ते मला दाखवलेत तर तिथवर जाण्यात अर्थ आहे की नाही, एवढे मी सांगू शकेन.